चवथीच्या आधीचे डेमो

पेडण्याच्या मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले सखाराम गावस माणसांचे दोनच प्रकार मानत : सरकारी नोकरीत असलेली आणि अजून न लागलेली. त्यांचा मुलगा गोकुळदास बी. कॉम. होऊन बराच काळ दुसऱ्या प्रकारात मोडत होता. खाणी जोरात चालायच्या त्या वर्षांत, म्हणजे दोन हजार आठच्या आसपास, तो म्हापशात शाखा असलेल्या एका कंपनीची धूळ ओढणारी यंत्रं विकायला लागला. सखारामांनी ही बातमी नोकरी लागल्याची म्हणून कुणाला दिली नाही. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "फिरता हल्ली."

कंपनीच्या नेमणूकपत्रातल्या हुद्द्यापेक्षा हे वर्णन अचूक होतं. नेमणूकपत्रात त्याला 'गृहस्वच्छता सल्लागार' म्हटलं होतं.

सल्लागारांचं प्रशिक्षण म्हापशातल्या एका लॉजच्या हॉलमध्ये झालं. पुण्याहून आलेल्या एरिया मॅनेजरने त्यांना सांगितलं की ग्राहक कधीच 'नाही' म्हणत नाही, विकणाराच 'नाही' ऐकतो. टाय सक्तीचा. घरात शिरल्यावर पंखा लावायला सांगायचा नाही, आपण पाहुणे नाही. यंत्राला नळी जोडायची दोन तोंडं आहेत. एका तोंडाने ते ओढतं, दुसऱ्याने फुंकतं. फुंकणारं तोंड दाखवायचं नाही, ग्राहक गोंधळतो. आणि दुपारी एक ते चार ही सोन्याची वेळ, कारण तेव्हा गृहिणी मोकळ्या असतात.

हे सांगणारा माणूस आदल्याच रात्री गोव्यात उतरला होता. गोव्यात दुपारी एक ते चार दार फक्त कुणी मेल्याची बातमी आणणाऱ्याला उघडतात, आणि त्यालाही "मातसो रावलो आसतो जाल्यार," म्हणजे 'जरा थांबला असतास तर' असं ऐकून घ्यावं लागतं. ही सोन्याची वेळ गोकुळदास डिचोलीच्या बसस्टँडवर, खोका दोन्ही पायांमध्ये धरून आणि टाय शर्टाच्या खिशात खोचून काढायचा. समोरचा कुत्रासुद्धा झोपलेला असे. त्या कुत्र्याचा त्याला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचा राग यायचा.

डिचोली त्याला मिळाली ती नकाशावरून. खनिजाच्या ट्रकांचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, घरांवर, माडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. मॅनेजरने गाडीची काच वर करत म्हटलं होतं, "गावस, इथे सोनं पडलंय. नुसतं वाकायचं."

तर गोकुळदास वाकला. पलंगाखाली, सोफ्याखाली, कपाटाखाली. डेमोची पद्धत अशी की नळीच्या तोंडात पांढरं फडकं बसवायचं, ग्राहकाच्याच गादीवरून यंत्र फिरवायचं आणि मग फडकं काढून त्याच्या नाकासमोर धरायचं. फडक्यावर धुळीचा गोल उमटतो. इतरत्र म्हणे बायका हा गोल पाहून तोंडावर हात धरतात. डिचोलीत त्या गोलाकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत.

"हां. तांबडी माती," रस्त्यालगतच्या दुमजली घरातली विनोदिनीबाय पहिल्या भेटीत म्हणाली होती. "खाणीची."

"बाय, ही तुमच्या गादीतून निघाली. ह्याच्यावर तुमची मुलं झोपतात."

"ती धुळ न्हय रे पुता," ती हसून म्हणाली. "लक्ष्मी ती. ही माती रस्त्यार पडटा म्हणून आमचे ट्रक चलतात. बस, च्या घे."

विनोदिनीबायच्या घरचे ट्रक खनिज वाहत होते. त्या ट्रकांवर वरचा मजला चढला होता, संगमरवर आला होता, आणि तिचा नवरा पोर्चमध्ये बसून दिवसभर मोबाईलवर ड्रायव्हरांना शिव्या देऊ शकत होता. अशा घरात धुळीला घाण म्हणणं म्हणजे यजमानाच्या पोटावर पाय देणं. ज्यांच्याकडे ट्रक नव्हते, त्यांना धुळीने खोकला होता आणि यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. मॅनेजरच्या नकाशावर ही दोन्ही घरं एकाच रंगात होती.

शिवाय 'नाही' इथे खरंच कुणी म्हणत नसे. मॅनेजरचं तेवढं बरोबर निघालं. इथे म्हणत, "मगीर पळोवया." नंतर बघू. चहा देत, कधी पाव देत, कुणाचा कोण याची चौकशी करत, पेडण्यात कुणीतरी नात्यातलं काढत आणि मग फाटकापर्यंत सोडायला येऊन म्हणत, मगीर पळोवया. संध्याकाळच्या अहवालात गोकुळदास अशा घरांपुढे 'उत्सुक' असं लिही. कंपनीच्या शब्दकोशात 'मगीर पळोवया'ला दुसरा प्रतिशब्द नव्हता.

त्याची उमेदवारी चवथीपर्यंत होती. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. तोवर ठरलेली यंत्रं गेली तर कायम, नाही तर नमस्कार. सखारामांनीही तीच मुदत धरली होती. "चवथीपर्यंत तुजा बघ," ते म्हणाले होते. "मगे मी जातंय."

कुठे जातंय, हे विचारायची गरज नव्हती. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या घरासमोर लांब व्हरांडा होता. तिथे सकाळी माणसं कागद घेऊन उभी राहत, आणि ज्यांच्याकडे पुढाऱ्याची नजर वळे त्यांची मुलं पाणीपुरवठा खात्यात नाहीतर वीजखात्यात लागत. हाच पुढारी पूर्वी रस्त्यांचा ठेकेदार होता. तेव्हा त्याचा कागद पाळी सोडून पुढे सरकवायला सखारामांनी नकार दिला होता, आणि त्याने सगळ्या कचेरीसमोर फाईल त्यांच्या तोंडावर फेकली होती. सखारामांनी ती उचलली, धागा नीट बांधला आणि गठ्ठ्यात तिच्या जागी ठेवली. त्या दिवसापासून त्या घरावरून जाणारी बससुद्धा ते टाळत. आता ते त्या व्हरांड्यात हात जोडून उभे राहणार होते, आणि ते गोकुळदासला काही केल्या होऊ द्यायचं नव्हतं. बसस्टँडवरचे एक ते चार तो ह्याच जोरावर काढत होता.

श्रावण अर्धा सरला आणि चमत्कार झाला. विनोदिनीबायचा फोन आला. "पुता, तें मशीन घेवन यो मरे. हॉल पळोवया."

हॉल झाला. मग वरच्या खोल्या. दोन दिवसांनी तिच्या जावेचा फोन. मग समोरच्या मालतीचा, मग मालतीच्या विहिणीचा. वाड्यावरून, म्हणजे अख्ख्या वस्तीतून, फोन येऊ लागले. गोकुळदासने पंखे पुसले, पडदे ओढले, माळ्यावरच्या ट्रंकांमागे नळी घातली. "हांगा मार. थंय रावलां पळय. कपाटाच्या फाटल्यान मातसो." इथे, तिथे, कपाटामागे अशी बोटं दाखवत बायका मन लावून बघत, प्रश्न विचारत, जिन्याखाली जाईल का, गॅलरीत जाईल का. इतके रस घेणारे ग्राहक प्रशिक्षणाच्या पुस्तकातसुद्धा नव्हते. म्हापशाच्या शाखेत फळ्यावर त्याचं नाव सगळ्यात वर लागलं. मॅनेजरने फोनवर त्याला वाघ म्हटलं.

वाघ रोज संध्याकाळी तांबडा होऊन पेडण्याला परते. विहिरीवर आंघोळ करताना नाकातून तांबडं पाणी येई. "होतला, बाबा," तो सखारामांना सांगे. "चवथीच्या आधी होतला." सखारामांनी इस्त्रीला दिलेला पांढरा शर्ट परत आणून खुंटीला लावला होता. तो शर्ट गोकुळदासला रोज दिसे.

उलगडा शंभूच्या पसऱ्यावर झाला. पसरो म्हणजे वाड्यावरचं किराणा दुकान. गोकुळदास तिथे सोडा प्यायला थांबला. शंभू नारळ मोजता मोजता त्याच्या खोक्याकडे बघून म्हणाला, "तूं तो चवथीचो झाडपी न्हय रे?"

"काय?"

"झाडपी. घर झाडपाक विनोदिनीबायन धाडलेलो. आमगेर केन्ना येतलो? बायल म्हणटा, सगळ्यांगेर जालें, आमचीच पाळी ना."

"मी कंपनीतर्फे येतो," गोकुळदास म्हणाला. "यंत्र विकायला."

शंभूने नारळ खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती होती आणि तीच असह्य होती. "विकपाक? अरे देवा. तें कोणेंच सांगूंक ना. आमी म्हणटात, कंपनी फुकट झाडून दिता चवथीक. बऱ्या मनाची कंपनी."

चवथीच्या आधी घर झाडायचं, जळमटं काढायची, भिंती पुसायच्या, हा गावोगावचा रिवाज. पूर्वी त्याला गडी मिळत. खाणी आल्या, गडी ट्रकांवर गेले. मग एक टायवाला आपणहून यंत्र घेऊन येतो, वाकतो, पलंगाखाली शिरतो आणि जाताना वर धन्यवाद म्हणतो, तर वाड्याने त्याची पाळी लावली. ह्यात कुणी त्याला फसवलं नव्हतं. तो काय विकतो हे लक्षात ठेवण्याइतकं महत्त्व कुणी त्याला दिलं नव्हतं, एवढंच. फसवले गेलो असतो तर बरं, असं गोकुळदासला वाटलं. फसवणाऱ्याने निदान आपला विचार तरी केलेला असतो.

त्याने हे मॅनेजरला फोनवर सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "हे नकारात्मक बोलणं आहे, गावस. ग्राहक तुला घरात घेतोय. फक्त सौदा पक्का करता येत नाही तुला. मी येतो, बघ कसा करायचा."

तो आला. विनोदिनीबायच्या हॉलमध्ये त्याने निरोगी कुटुंबावर भाषण केलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, चहा दिला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही दोघे आहात तर हे शोकेस जरा पुढे ओढता? एकट्याला जमत नाही ह्याला." साहेबांनी टाय खांद्यावर टाकून शोकेस ओढलं आणि गोकुळदासने मागची धूळ काढली. निघताना ती म्हणाली, "चवथ होऊ दे, मग बघू." फाटकाबाहेर मॅनेजर हात झटकत म्हणाला, "ही घेणार. लिहून ठेव." त्याच्या खांद्यावर जळमट होतं. ते गोकुळदासने सांगितलं नाही. नोकरीत त्याने केलेला हा पहिला अन्याय.

चवथ तोंडावर आली, तेव्हा कायम व्हायला एकच यंत्र कमी पडत होतं. बाकीची त्याने कशीबशी खपवली होती : एक मामाला, एक कॉलेजातल्या मित्राला, एक डिचोलीतल्या दातांच्या डॉक्टरला, ज्याला ते बहुधा दातांसाठी वाटलं. आणि विनोदिनीबायचा फोन आला. देवाची खोली राहिली होती.

सकाळची चार घरं उरकून तो गेला. देवाच्या खोलीत गणपतीच्या चौरंगाच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगली होती. फळं, फुलं, रानातल्या वेली तिला नंतर बांधायच्या होत्या. तो उंबऱ्याशी पोचला आणि विनोदिनीबाय आडवी आली.

"राव! हें मशीन भितर चलचें ना. सगळ्या वाड्यार भोंवलां. मालतीगेर सून बाळंत जाल्या, तांकां सुयेर आसा. थंय व्हेलेलें न्हय तुवें?"

नेलं होतं. बाळंतपणाचं अशौच असलेल्या घरातलं यंत्र देवाच्या खोलीत नेणं त्यालाही पटलं नसतं, तोही ह्याच मातीतला होता. "मग?" त्याने विचारलं.

"नवें ना तुजेकडेन? उकतें करूंक नाशिल्लें?"

"सीलबंद नवं आणलं तर घ्याल, बाय?"

"घेवन यो तरी. देवाक लागता तें कोण परत धाडटा?"

हे वाक्य त्याने सौदा म्हणून ऐकलं. दुसऱ्या कुणीही तसंच ऐकलं असतं. तो म्हापशाला गेला आणि सही करून नवीन खोकं उचललं. सील फुटलेलं यंत्र कंपनी परत घेत नाही, सही करणाऱ्याच्या पगारात धरते, हे शाखेतल्या मुलीने त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली. परत आल्यावर विनोदिनीबायने त्याला विहिरीवर आंघोळ करायला लावली. टाय आणि पँट दोरीवर गेली. कंपनीचा गृहस्वच्छता सल्लागार ओलेता, नवऱ्याचा जुना पंचा नेसून, देवासमोर सील फोडता झाला. मालाचं इतकं शुद्ध वितरण त्या कंपनीच्या इतिहासात झालं नसेल.

खोली लख्ख झाली. विनोदिनीबायने समाधानाने चौकटीकडे पाहिलं. "बरें जालें, पुता. आतां व्हर तें."

"नेऊ? कुठे?"

"कंपनीत. चवथ जाऊंदी. मगीर पळोवया."

"बाय, तुमी म्हटलात, देवाला लागलेलं कोण परत धाडतो?"

"म्हटलें मरे. पूण आमकां वर्सातल्यान एकदांच लागता. एकदां लागपाक घरांत कित्याक दवरप?" एकदाच लागणारं घरात ठेवायचं कशाला, हे ती अगदी सरळ, त्याच्याच हिताचं सांगावं तशी बोलली. पोर्चमधून नवऱ्याने फोनवर हात ठेवून भर घातली, "आनी तुजी कंपनी धाडटाच न्हय तुका? येत्या वर्सा यो परत."

गोकुळदासने पंचा सोडून कपडे घातले. टाय आरशात बघून बांधला. मग देवाच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. जुनं यंत्र हॉलच्या मधोमध आणलं. त्याच्या पिशवीत सकाळच्या चार घरांची धूळ होती. ती त्याने टीपॉयवर पेपर पसरून त्यावर नीट ओतली. तांबडा ढीग झाला.

"कितें करता रे?" विनोदिनीबाय म्हणाली.

"बाय, पहिल्या दिवशी तुमी मला सांगितलंत, ही धूळ न्हय, लक्ष्मी." त्याचा आवाज प्रशिक्षणात शिकवलेला होता, खालच्या पट्टीतला, सौम्य. "गेले पंधरा-वीस दिवस मी वाड्यावरची लक्ष्मी पोत्याने बाहेर नेली आणि ओहोळात टाकली. मोठी चूक झाली. चवथीला घरची लक्ष्मी घरात पाहिजे. आणि आता तुम्हाला यंत्राची दुसरी सोय दाखवतो. ही आम्ही सहसा दाखवत नाही, ग्राहक गोंधळतो."

त्याने नळी दुसऱ्या तोंडाला जोडली आणि बटण दाबलं.

ढीग उठला. तो सोफ्यावर गेला, पडद्यांवर गेला, झुंबरात गेला, टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालावर गेला, शोकेसच्या पुढे आणि मागेही गेला. विनोदिनीबाय किंचाळली. नवरा धावत आला आणि दारात खोकत उभा राहिला. ह्या घरात धुळीने खोकणारं ते पहिलंच माणूस. "आवय गे! माजें घर! पिसावलो रे हो, पिसावलो!" विनोदिनीबायने त्याला वेडा ठरवलं.

पिशवी संपली. गोकुळदासने बटण बंद केलं, वायर शिकवल्याप्रमाणे कोपरावर गुंडाळली, दोन्ही खोकी उचलली आणि उंबऱ्यावर वळून म्हणाला, "आपण वेळ दिलात, धन्यवाद." हेही पुस्तकातलंच वाक्य होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याने मनापासून म्हटलं. तो खोकी घेऊन बसस्टँडवर पोचला, तेव्हा पेडण्याची एक बस नुकतीच सुटली होती.

बातमी त्याच्याआधी पेडण्याला पोचली. डिचोलीच्या बसने कुणीतरी आलं होतं. सखाराम पडवीत बसले होते.

"बाबा, गेला काम," गोकुळदास म्हणाला.

"आयकलंय." सखारामांनी दोन्ही खोक्यांकडे पाहिलं. "देवाच्या खोलयेचा दार लावललंस?"

"कडी घातली."

"मगे बरा." एवढं बोलून ते उठले. गोकुळदास त्यांच्या मागोमाग आत गेला. सखारामांनी खुंटीवरचा शर्ट काढून हातावर घेतला होता.

"तो ठेवा, बाबा. खंय जाऊचा नाय." इतक्या मोठ्याने तो वडलांशी कधी बोलला नव्हता. विनोदिनीबायवरचा, मॅनेजरवरचा, बसस्टँडवरच्या दुपारींवरचा सगळा राग त्यात होता. "मी झाडलंय ना लोकांची घरां? वाकलंय ना? पुरे झाला. आमच्या घरात एकान वाकला तितक्या पुरे. चवथ झाल्यार दुसरी कंपनी बघतंय."

"परत विकपाचा?"

"होय."

"काय विकतलंस?"

"ता सोमवारी सांगतलंय."

सखारामांनी शर्टाकडे पाहिलं, मग मुलाकडे. शर्ट त्यांनी खुंटीला न लावता घडी करून कपाटात ठेवला. चवथीला तोच घातला.

कंपनीने नियम पाळला. सील फुटलेलं यंत्र गोकुळदासच्या गळ्यात पडलं आणि शेवटचा पगार त्यात गेला. त्याने पुढे पाण्याचे फिल्टर विकले, मग मोबाईलची कार्डं, मग विमा. लोक अजूनही मगीर पळोवया म्हणत, फक्त तो आता त्यापुढे 'उत्सुक' लिहीत नसे. काम सोपं झालं नाही. कुणाच्या पलंगाखाली मात्र तो पुन्हा शिरला नाही.

पुढच्या श्रावणात तो बँकेच्या पायऱ्यांवर एका गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता. फोन वाजला.

"गोकुळ, पुता? विनोदिनीबाय उलयतां. कसो आसा? चवथ लागीं पावली मरे." आवाजात गेल्या वर्षाची तांबडी धूळ कणभरही नव्हती. पुसून टाकली होती, ज्याने कुणी पुसली असेल त्याने. "तें नवें मशीन आसा न्हय तुजेकडेन? देवाच्या खोलयेक घेवन येशी?"

गोकुळदासने एक श्वास घेतला. मग त्याच खालच्या, सौम्य पट्टीत म्हणाला, "आसा, बाय. पण आता ते आमच्या देवाच्या खोलीत चालतं. तुमच्याकडे आणलं तर बाटेल."

आणि तिने 'मगीर' म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला.